सिनेमातले सावळे सर

सावळे सर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी पायाकडे. मी शाळेत रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी विचारलं, "डाव्या टाचेला काय झालं होतं?" लहानपणी टाचेत काटा मोडला होता आणि तो काढायला आईनं दाभण वापरलं होतं. मीच ते विसरून गेलो होतो. सर म्हणाले, "टाच अजून भीती धरून हाय. टेकवायच्या आधी थांबते."

औंढ्याहून शिरड शहापूरकडे जाताना रस्त्याला लागून एक गाव आहे, तिथं आमची शाळा. मी भूगोल शिकवायचो आणि हिंगोलीहून रोज ये-जा करायचो. सर क्रीडाशिक्षक. त्याच गावात दोन खोल्या भाड्यानं घेऊन एकटे राहायचे. बायको लग्नानंतर तिसऱ्या वर्षी वारली, लेकरू नव्हतं, आणि दुसरं लग्न का केलं नाही हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. उंच, वाळका, काळा माणूस. शर्टाचं गळ्याचं बटनसुद्धा लावलेलं. कॅनव्हासच्या बुटांना रोज खडूची पूड पाण्यात कालवून लावायचे. गळ्यात काळ्या दोरीला वेळ मोजायचं घड्याळ. शिक्षकांच्या खोलीत त्यांना खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. खिडकीशी उभे राहायचे आणि मैदान बघायचे. मैदानात कुणी नसलं तरी बघायचे.

त्यांच्या त्या नजरेची आम्हाला थोडी धास्तीच होती. एकदा आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक व्हरांड्यातून येत होते. सर त्यांना म्हणाले, "साहेब, तुमचा उजवा पाय फरशीला घासायलाय. डॉक्टरला दाखवून घ्या." साहेब हसले आणि म्हणाले, चप्पल सैल झाली आहे. तीन महिन्यांनी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. त्यानंतर सर समोरून येताना दिसले की आमच्यातले काही जण उगाच पाय उचलून टाकायचे.

पोरांना पळवताना ते फार बोलत नसत. एकच वाक्य ठरलेलं. पोरगं पळताना खाली बघायला लागलं की ओरडायचे, "तू पुढं बघ. पायाकडं बघायला मी हाय."

वंदना आणि छाया या दोन पोरी त्यांच्या हाताखाली आल्या तेव्हा आठवीत होत्या. दोघींच्या आया हळदीच्या हंगामात एकाच ठिकाणी कामाला जायच्या. हळद शिजवून मैदानापलीकडच्या माळावर वाळत घालायचे. दुपारी माळ पिवळा दिसायचा आणि शाळेत वर्गा-वर्गात तो उग्र वास भरून राहायचा. दोघी सुटी झाली की आयांना भाकरी द्यायला माळावर पळत जायच्या आणि पळत यायच्या. सरांनी ते खिडकीतून बघितलं. वंदनाचं दम धरणं चांगलं होतं. पण पाय छायाचे होते. सर मला म्हणाले होते, "मास्तर, ती जमिनीला लागतच न्हाई. असं पाऊल मी दुसरं पाहिलं न्हाई."

आज वंदनाला सगळा देश ओळखतो. परदेशात पळून तिनं पदक आणलं. गावाच्या वेशीवर तिच्या नावाची कमान आहे. छायाला आमचं गाव सोडून कुणी ओळखत नाही, कारण नववीत जायच्या आधीच, एप्रिलमध्ये, ती गेली.

तो सोमवार होता. शाळा सकाळची होती. सुटल्यावर सर दोघींना घेऊन मैदानात उतरले. जिल्ह्याच्या स्पर्धा दुपारी होणार होत्या म्हणून दुपारचीच सवय हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. मी कार्यालयात पेपर तपासत बसलो होतो. आधी बाहेर आरडाओरडा ऐकू आला, मग कुणाची तरी जीप आली. सरांनी छायाला दोन्ही हातांवर घेतलं होतं. तिची वेणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होती. जीप हिंगोलीला पोचायच्या आत ती गेली.

माझं अक्षर चांगलं म्हणून दुसऱ्या दिवशी नव्या मुख्याध्यापकांनी मला नोंद लिहायला सांगितली. "मैदानावर चक्कर येऊन पडली." एवढंच एक वाक्य होतं. मी ते लिहिलं. काही विचारलं नाही.

छायाची आई गयाबाई. नवरा आधीच गेलेला, ही एकच पोरगी. गयाबाईनं छायाला औंढ्याच्या नागनाथाचा सोमवार धरायला लावला होता, पोरगी स्पर्धेत पहिली यावी म्हणून. उपाशी पोटी पळाली आणि पडली, असं सगळं गाव म्हणालं. गयाबाईही तेच म्हणाली. त्या दिवसापासून तिनं स्वतः कधी सोमवार धरला नाही आणि नागनाथाची पायरी चढली नाही. बायका दर्शनाला बोलवायला आल्या तर म्हणायची, "म्या त्याला लेकरू देऊन बसले. आता काय देऊ?"

सर आठ दिवस शाळेत आले नाहीत. आले तेव्हा दोन मोठे माठ घेऊन आले. मैदानाच्या दोन टोकांना लिंबाखाली ते माठ ठेवले. सराव पहाटे घ्यायला लागले आणि आठ वाजले की बंद. प्रत्येक फेरीनंतर पोरांनी पाणी प्यायलंच पाहिजे, नाही प्यायलं तर पळायचं नाही. माठ स्वतः भरायचे, स्वतः धुवायचे. पोरं त्यांना मागून माठवाले सर म्हणायला लागली. आम्हाला वाटलं, वय होतंय, माणूस मऊ झाला.

वंदना पुढं गेली. पुण्याला गेली, तिथून आणखी मोठ्या ठिकाणी. पदक आणल्यावर टीव्हीवर तिची मुलाखत झाली. शाळेत मोठा टीव्ही आणून सगळी पोरं समोर बसवली होती. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, तुमच्यात एवढी ताकद आली कुठून? वंदना म्हणाली, "आमचे सर भर उन्हात पळवायचे. दुपारी बारा वाजता. पाणी मागितलं तर द्यायचे नाहीत. म्हणायचे, पाणी शेवटच्या रेषेनंतर. त्या उन्हानं मला घडवलं."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सगळे मागं वळून सरांकडे बघायला लागले. सर दाराला धरून उभे होते. ते पुढं आले आणि त्यांनी टीव्हीचं बटन बंद केलं. कुणाला काही कळेना. ते म्हणाले, "पोरांनो, घरी जा. पाणी पिऊन जा."

ती मुलाखत नंतर लोकांच्या मोबाइलवर फिरत राहिली. लोकांना त्यातलं ते एकच वाक्य पाठ झालं.

सर निवृत्त झाले त्याच वर्षी सिनेमावाले आले. वंदनाच्या आयुष्यावर सिनेमा निघणार होता. आधी एक लेखक आला, तिशीच्या आतला, डोळ्यांत उत्साह असलेला मुलगा. त्यानं वंदनाच्या आईला विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं, मला विचारलं. सर मात्र सापडायचे नाहीत. तो त्यांच्या खोलीवर जायचा तेव्हा कुलूप असायचं. गावात म्हणायचे, सर शेताकडं गेले. सरांना शेत नव्हतं.

चौथ्या दिवशी सर माझ्या घरी, हिंगोलीला आले. निवृत्तीनंतर मीही घरीच होतो. दुपारची वेळ होती. माझ्या बायकोनं पाण्याचा तांब्या समोर ठेवला. त्यांनी तो हातात घेतला नाही. प्रथमच ते माझ्यासमोर खुर्चीवर बसले.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमी लिव्हलं होतं, चक्कर येऊन पडली."

मी तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

"तिनं तिसऱ्या फेरीला पाणी मागितलं. मी म्हणलं, अजून दोन फेऱ्या. मला माझ्या उस्तादानं तसंच शिकवलं होतं, पाणी पिलं की पाय जड होतो. ती गेली पुढं. चौथ्या फेरीला माळाकडच्या वळणावर बसली. मला वाटलं नाटक करून राहिली. वंदना तिच्यामागून येत होती. वंदनानं माझ्याकडं बघितलं, थांबू का म्हणून. मी हातानं खूण केली, चल. ती चालली. तिची फेरी पुरी होईपर्यंत मी जागचा हललो न्हाई."

"सर, तुम्ही तर पाय बघून..."

"त्या दिवशी मी पाय बघत न्हवतो. घड्याळ बघत होतो. वंदनाची तोवरची सगळ्यात चांगली वेळ होती ती. मी आधी ती वेळ बघितली, मंग छायाकडं पळालो."

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली.

मी विचारलं, "चौदा वर्षांनी हे आता का सांगताय?"

"आता ते पडद्यावर येणार. सगळीकडं दिसणार. लोक आपल्या लेकरांना तसं पळवतील. एक मेलं ते माझ्यामुळं. आता जे मरतील, ते बी माझ्याच नावानं मरतील."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेखकाला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. मला साक्षीला बसवलं होतं. मुलगा ऐकताना पांढरा पडला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खोटं नव्हतं. त्यानं सरांचे हात धरले आणि म्हणाला, "सर, मी हे वाया जाऊ देणार नाही." मला त्या शब्दांनी बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

त्यानंतर सर गयाबाईकडे गेले. मला म्हणाले, "चला. मधी माझे शब्द बंद पडले तर तुमी सांगा."

गयाबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिनं आम्हाला पोतं टाकलं. सर बसले नाहीत. उभ्यानंच बोलले आणि पूर्ण बोलले, माझी गरज पडली नाही. गयाबाईचे हात चालूच होते. शेंग फुटायची, दाणे सुपात पडायचे. सर थांबले तरी तिनं आणखी पाच-सहा शेंगा फोडल्या.

मग ती म्हणाली, "उपासानं न्हाई गेली?"

"न्हाई."

"पाणी मागितलं तिनं?"

"व्हय."

"काय म्हणून मागितलं?"

सरांना प्रश्न कळला नाही. गयाबाईनं पुन्हा विचारलं, "कोणत्या शब्दानं मागितलं? मला तिचा शब्द सांगा."

सरांनी डोळे मिटले. "म्हणली, सर, घोटभर."

गयाबाईनं सूप बाजूला ठेवलं. "चौदा वर्षं तुमी रोज माझ्या दारावरून शाळेत गेले. म्या देवाला तोंड दाखवलं न्हाई. तुमी बघत होते."

"बघत होतो."

"जा आता."

आम्ही निघालो. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत मागं शेंग फुटल्याचा आवाज आला नाही.

चित्रीकरणाच्या दोन दिवस आधी वंदना गावात आली. पांढरी गाडी, मागं माणसं, पोरींचा गराडा. तिनं सगळ्यांना थांबवून सरांचे पाय धरले आणि शाळेच्या व्हरांड्यात त्यांच्याशी बोलायला एकटी बसली. मी खांबाच्या पलीकडे होतो. मला त्यांनी जा म्हटलं नाही.

"पोरी," सर म्हणाले, "ती पाण्याची गोष्ट सिनेमातून काढ."

"सर, लोकांना माझी तेवढीच गोष्ट माहीत आहे." तिची भाषा पुण्याची झाली होती.

"ती अर्धी हाय."

"मी पळाले की नाही? त्याच उन्हात पळाले की नाही?"

"छायाबी पळाली."

वंदना बराच वेळ बुटाच्या नाडीशी खेळत राहिली. मग बोलली तेव्हा भाषा गावची होती. "सर, मी तिच्या बाजूनं गेले ना, तवा तिनं माझ्या पायाला हात लावला. धरला न्हाई, नुसता लावला. मी हे माझ्या नवऱ्यालाबी सांगितलेलं न्हाई. त्या उन्हानं मला घडवलं, असं मी सगळीकडं सांगते. ते सांगितलं म्हणून मला जगता येतं. ते काढलं तर काय राहिलं? एक पोरगी पडली आन दुसरी तिच्या अंगावरून पुढं गेली."

"तू न्हाई गेली. मी जायला लावलं."

"मी थांबू शकले असते सर. मी तेरा वर्षांची होते, पण थांबू शकले असते."

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती उठून गेली. सर मला म्हणाले, "तिची चाल बदलली मास्तर. उजवं पाऊल आखडतं घेते. कधीपासून, काय की. मी टीव्हीवर नुसतं तोंडच बघत राहिलो."

सरांचं काम करणारा नट चांगला माणूस होता. दोन संध्याकाळी तो सरांच्या खोलीत येऊन बसला. त्यांच्या उभं राहण्याची, मान वळवण्याची नक्कल त्यानं उचलली. त्यानं विचारलं, "सर, राग आला की तुम्ही काय करता?" सर म्हणाले, "गप बसतो." नट हसून म्हणाला, "गप्प बसणं पडद्यावर राग वाटत नाही हो." म्हणून सिनेमातले सावळे सर ओरडतात, शिट्टी फेकतात आणि नंतर एकटे रडतात. आमचे सर यातलं काही करत नसत.

उन्हाचा प्रसंग हिवाळ्यात चित्रित झाला. मोठमोठे दिवे लावून ऊन तयार केलं. अख्खं गाव कडेला उभं. पोरींना थंडी वाजत होती. प्रत्येक वेळी पळायच्या आधी एक माणूस फवाऱ्यानं त्यांच्या तोंडावर, मानेवर पाणी मारायचा, घाम दिसावा म्हणून. पाणी त्यांच्या हनुवटीवरून टपटप गळायचं आणि तो नट ओरडायचा, "पाणी शेवटच्या रेषेनंतर." तेच सात-आठ वेळा झालं. सर माझ्या शेजारी उभे होते. आठव्या वेळी ते खाली बसले. मला वाटलं, पाय दुखला असेल. त्यांनी मूठभर माती उचलली, बघितली आणि हात झटकून उठले.

सिनेमा हिंगोलीत लागला तेव्हा गावातून टेम्पो भरून लोक आले. गयाबाई पण आली. ती बायकांच्या रांगेत बसली, मी तिच्या मागच्या रांगेत. सर आत आलेच नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाले, "मी भाईर थांबतो."

उन्हाचा प्रसंग आला. मैत्रीण तिसऱ्या फेरीला पाणी मागते, सर नाही म्हणतात, चौथ्या फेरीला ती वळणावर कोसळते. थिएटरात कुणी हललं नाही. पडद्यावरची वंदना पुढं निघून जाते, दहा पावलं जाते, मग थांबते. मागं फिरते. मैत्रिणीला हात देते. ती उठते. दोघी एकमेकींना धरून शेवटच्या रेषेपर्यंत पळतात आणि तिथं सर पाण्याचा गडू घेऊन उभे असतात. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. मागून शिट्ट्या आल्या. लेखकानं आपला शब्द पाळला होता, त्याच्या परीनं. त्यानं छायाला वाचवलं होतं.

गयाबाई शेजारच्या बाईला म्हणाली, "उठली बघ."

सिनेमा संपला, दिवे लागले, लोक निघाले. गयाबाई खुर्चीवरच. दारावरचा माणूस तिला उठवायला आला. तिनं त्याला विचारलं, "दादा, पुढच्या खेळाला बी उठती का ती?"

तो म्हणाला, "व्हय आजी, रोज उठती."

बाहेर फाटकाशी सर उभे होते, बाहेर पडणाऱ्यांच्या पायांकडे बघत. गयाबाई त्यांच्यासमोर थांबली. मला वाटलं आता काहीतरी होणार. ती शांतपणे म्हणाली, "सर, सिनेमात तुमी लई चांगले हायत." आणि टेम्पोकडे गेली.

सरांना ज्याची भीती होती ते व्हायला एक उन्हाळा पुरला. औंढ्याच्या रस्त्यावर, वसमतकडे, नरसीच्या बाजूला धावण्याचे वर्ग निघाले. माळ साफ करायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, भिंतीवर सिनेमाचं पोस्टर. एका ठिकाणी ते वाक्य लाल रंगात भिंतभर लिहिलेलं मी स्वतः पाहिलं. सराव दुपारी. आईबापच लेकरांना आणून सोडायचे आणि सावलीत बसून बघायचे.

सर एकेका ठिकाणी जायला लागले. शिकवणाऱ्याला बाजूला घेऊन सांगायचे, "मी सावळे. माझ्या हातानं एक लेकरू गेलं." कुणी विश्वास ठेवेना. सिनेमात तर ती पोरगी उठते. एका तरुण शिक्षकानं त्यांचे पाय धरले, पोरांना गोळा करून सांगितलं, "हेच ते सर," त्यांच्यासोबत फोटो काढला आणि परत शिट्टी मारली. पोरं पळायला लागली. हे सगळं सरांनी नंतर मला सांगितलं. "मास्तर, त्याला वाटलं मी त्याची परीक्षा घ्यायला आलो."

त्यांनी शिक्षण खात्याला अर्ज लिहिले, माझ्याच अक्षरात. खाली सही त्यांची, आणि स्वतःचा गुन्हा त्यांनी पहिल्या ओळीत लिहायला लावला. मी म्हटलं, तुमच्यावरच बालंट येईल. ते म्हणाले, "येऊ द्या ना. आलं तर कोणी तरी अर्ज वाचला म्हणायचं." उत्तर आलं नाही.

मे महिन्यात अशाच एका वर्गाच्या माळावर एक अकरा वर्षांची पोरगी पडली. सर तिथंच होते. ते धावले, तिला सावलीत आणलं, ओल्या पंच्यानं अंग पुसलं, दवाखान्यात नेलं. सलाइन लागलं आणि संध्याकाळी ती शुद्धीवर आली. तिच्या बापानं सरांचे आभार मानले. आठव्या दिवशी तोच बाप तिला घेऊन दुपारी माळावर हजर होता. सरांनी त्याला विचारलं, "काहून आणलं?" तो म्हणाला, "सर, वंदनाची मैत्रीण बी पडली होती की. उठलीच ना."

त्या दिवसानंतर सर धावपट्टीत मधोमध जाऊन उभे राहायला लागले. हात पसरून. पोरं थांबायची. मग शिकवणारे चिडले. आधी हाताला धरून बाहेर काढायचे, मग तक्रार झाली. पोलिसांनी त्यांना बोलावून, वयाचा मान ठेवून, समजावलं की सरावात अडथळा आणू नका. सरांनी तिथंही आपलं सगळं सांगितलं. हवालदारानं चहा मागवला आणि म्हणाला, "सर, माझ्या पोरानं तुमचा सिनेमा तीनदा बघितलाय."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते या एप्रिलमध्ये, हिंगोलीच्या बस स्थानकावर. मला परभणीला जायचं होतं. साडेअकराचा सुमार, फरशीवर पाय ठेववत नव्हता. सर फलाटाशी उभे होते. खांद्याला पिशवी, हातात पाण्याचा मोठा कॅन. अंगातलं मांस गेलं होतं, ओठ फुटून काळे पडले होते. बूट मात्र खडूनं पांढरे केलेले. मी जवळ गेलो. त्यांनी मान वर केली, पण माझ्याकडे बघून मला ओळखायला त्यांना वेळ लागला.

"कुठं निघालात या उन्हात?"

"शिरडच्या पुढं एक नवं निघालंय. साठ-सत्तर लेकरं हायत म्हणं." त्यांची जीभ जड वाटत होती.

"सर, तुम्ही स्वतः पाणी कधी प्यायलात?"

त्यांनी कॅनकडे बघितलं. "हे त्यांच्यासाठी हाय."

"घरी चला. संध्याकाळी जाऊ आपण. मी येतो बरोबर."

"संध्याकाळी ते पळत न्हाईत मास्तर."

गाडी लागली. मी त्यांचा दंड धरला. दंड तापलेला होता आणि अजिबात ओला नव्हता. एवढ्या उन्हात त्या माणसाला घाम आलेला नव्हता. मी घाबरून म्हणालो, "सर, तुम्हाला बरं नाही." त्यांनी माझा हात हळूच सोडवला आणि विचारलं, "येता का?"

परभणीची गाडी समोर उभी होती. पुतणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. मी म्हणालो, "उद्या येतो. नक्की."

"बरं," ते म्हणाले आणि चढले. गाडी जवळजवळ रिकामी होती. कंडक्टरनं त्यांना जागा दाखवली. ते बसले नाहीत. कॅन पायांत धरून पुढं, ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. गाडी फाटकातून बाहेर पडताना मला त्यांचे पाय दिसले. डावं पाऊल पूर्ण टेकत नव्हतं. सरांनी दुसऱ्या कुणाचं तसं पाहिलं असतं तर लगेच सांगितलं असतं. गाडी औंढ्याच्या रस्त्याला वळली आणि मी परभणीच्या गाडीत जाऊन खिडकीशी बसलो.